गफूरचाचांनी मोकळी सोडलेली जागा

चाचींचा फोन आला तेव्हा मी विष्णुपुरीला धरणाच्या काठावर उभी होते. बाबा गावाकडून आले होते आणि त्यांना पाणी बघायचं होतं. आमचे बाबा लोह्याकडचे, आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबलेले. नांदेडला माझ्याकडे आले की त्यांना बाजार नको असतो, सिनेमा नको असतो, एवढंच म्हणतात, "चल, पाणी दाखव." धरणाचे दोन दरवाजे उघडलेले होते, समोर सगळा पांढरा धूर झाला होता आणि त्या आवाजात चाचींचं अर्धं बोलणं मला ऐकूच आलं नाही. "बेटा, तुझे चाचा गेले... सकाळी नमाजला उठलेच न्हाईत." मी नुसतं "हो, हो" म्हणत राहिले. बाबांनी विचारलं, कोण होतं? म्हटलं, लातूरचे गफूरचाचा गेले. बाबा पाण्यावरची नजर न काढता म्हणाले, "ते नकाशावाले ना? त्यांनी पाण्यासाठी जागा ठेवली होती म्हणं कुठंतरी." ही गोष्ट बाबांना मीच कधीतरी सांगितली होती. अर्धी सांगितली होती. उरलेली अर्धी आज इथं लिहिते आहे.

गफूरचाचा लातूरला नगररचनेच्या ऑफिसात अनुरेखक म्हणून लागले आणि आरेखक म्हणून निवृत्त झाले. अनुरेखक म्हणजे एका नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो जसाच्या तसा दुसऱ्यावर उतरवणारा माणूस, आणि आरेखक म्हणजे मूळ नकाशा काढणारा. आमच्या ऑफिसात गावं रंगवली जायची, पण आजची नाहीत, वीस वर्षांनंतरची. रस्ता कुठून जाईल, शाळा कुठं होईल, बाजार कुठं भरेल, हे सगळं आधी कागदावर ठरायचं आणि मग, झालं तर, जमिनीवर उतरायचं. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. घरातलीच काय, आमच्या अख्ख्या गल्लीतली. इंजिनिअर होऊन त्या ऑफिसात रुजू झाले तेव्हा मला वाटत होतं, आता जग सरळ रेषेत येणार आणि ती रेष मी काढणार. पहिल्याच दिवशी आत शिरले तर एक बुटके, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ खिडकीला चिकटून उभे. काचेवर त्यांनी तीन पारदर्शक कागद एकावर एक डकवले होते आणि मागून सकाळचं ऊन येत होतं. एका गावातून दुसरं गाव दिसत होतं, दुसऱ्यातून तिसरं. घरांच्या अंगावरून रस्ते गेले होते, विहिरीत शाळा उभी होती, पेरूच्या बागेतून बसस्टँड उगवत होतं... माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "ये बेटा. हे गाव होतं ते. हे गाव हाय ते. आन् हे आपण ठरवलेलं."

"यातलं खरं कोणतं?" मी विचारलं. नवी होते, प्रश्न विचारायची खोड होती.

"ते ढग येऊन ऊन गेलं की सांगतो," म्हणाले आणि खुदकन हसले.

त्यांच्या बोलण्यात ही तिन्ही गावं कायम एकमेकांत मिसळलेली असायची. "स्टेडियमच्या मागं चांगला चहा भेटतो," असं एकदा ते सहज बोलून गेले आणि आमचे एक क्लार्क भर उन्हात तासभर स्टेडियम शोधून घामाघूम होऊन परत आले. तिथं स्टेडियम नव्हतंच. ते चाचांनी काढलेल्या जुन्या आराखड्यात होतं आणि जमिनीवर अजून सोयाबीनच होतं. चहाची टपरी मात्र होती. क्लार्क चिडले तर चाचा म्हणतात कसे, "तुम्ही गेटातून आत गेलात न्हाई का? मग सापडंल कसं!"

त्यांच्यासोबत मी पहिल्यांदा रस्त्याची पाहणी करायला गेले तो दिवस मला अजून स्वप्नासारखा आठवतो. अठरा मीटर रुंदीचा रस्ता, पण नुसता कागदावर. प्रत्यक्षात तुरीचं रान, कमरेच्या वर आलेलं, पिवळ्या फुलांनी भरलेलं. चाचा त्या रानातून चालले होते ते डाव्या बाजूनं. मधूनच थांबायचे, उजवीकडे बघायचे, मग पुढे जायचे. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "चौक हाय." मला हसू आवरेना. बांधावर बसलेला शेतकरी सगळं बघत होता. त्यानं तिथूनच आवाज दिला, "काय ओ साहेब, मोटर गेली का आमच्या तुरीतून?"

"आत्ताच गेली की. हॉर्न न्हाई आला ऐकू?"

"आमच्याकडं कापूस घालून बसतेत कानात. लई गाड्या वाढल्यात."

दोघंही असे गंभीर चेहऱ्यानं बोलत होते की मीच जरा बाजूला सरकून उभी राहिले. आज त्या जागी खरोखर रस्ता आहे, खरोखर गाड्या आहेत. मी तिथून जाते तेव्हा मला मात्र तूरच दिसते आणि डाव्या कडेनं चाललेली ती बुटकी पाठ दिसते.

चाचांचे वडील लातूरच्या गंजगोलाई बाजाराजवळ शिलाईचं काम करायचे. शाळेचे गणवेश शिवायला आई-बाप पोराला घेऊन यायचे आणि सांगायचे, वाढत्या अंगाचं शिवा. मग चाचांचे वडील पँटच्या खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवायचे. पोरगं किती वाढणार हे कुणाला माहीत? पण दुमड ठेवली की पुढच्या वर्षी उसवता यायची. चाचांनी नकाशाचं काम तसंच केलं. जे हलणार नाही ते शाईनं, ज्याची खात्री नाही ते पेन्सिलीनं. ऑफिसात यावरून त्यांना बोलणी बसत. साहेब म्हणायचे, "गफूरभाई, आराखडा आहे हा, शाळेतलं चित्र नाही." चाचा मान डोलवायचे आणि पेन्सिलीनंच काढायचे.

आता त्या जागेबद्दल. लातूर आणि नांदेडच्या मधल्या एका तालुक्याच्या गावात, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ओढ्याच्या अलीकडे सहा एकर सरकारी जमीन आहे. दोन आराखडे झाले, त्या दोन्हींत चाचांनी ती मोकळी ठेवलेली. तिच्यातून पेन्सिलीची एक रेघ ओढ्यापासून निघून अर्धवर्तुळ करत परत ओढ्याला मिळत होती. रेघेच्या आतला भाग सखल, बाहेरचा उंच. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "ओढा कधी पसरला तर एवढी जागा घेईल."

"कधी पसरला होता?"

"मी बघितला न्हाई. म्हातारी माणसं सांगतात."

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच उन्हाळ्यात आमचं यावरून भांडण झालं. मी तेव्हा रोज घागर भरून जिना चढत होते. ओढ्यात बाभळी उगवल्या होत्या, पोरं तिथं क्रिकेट खेळत होती. मी चाचांना म्हटलं, "इथं प्यायला थेंब नाही आणि तुम्ही पुराला सहा एकर राखून ठेवलेत! उद्या लोक हसतील आपल्याला." चाचांनी नकाशाची गुंडाळी केली. मग म्हणाले, "तहान लागल्यावर पुराचं ध्यान राहत न्हाई बेटा. माझंपण राहत न्हाई. म्हणून तर कागदावर काढून ठेवलं."

पण मला ती जागा हवी होती, आणि का हवी होती हे सांगितलंच पाहिजे. मी नांदेडला शिकले ती मावशीच्या स्वयंपाकघरात. घरातल्यांची जेवणं उरकली की ओट्याखाली माझी सतरंजी पडायची. माझ्याबरोबर गावातल्या आणखी दोघी होत्या, माझ्याहून हुशार. त्यांना नांदेडात मावशी नव्हती, म्हणून त्या परत गेल्या. शिक्षण हुशारीवर ठरतं असं मला कुणी सांगितलं तर मी सरळ विचारते, राहायला कुठं होतात? त्या ओढ्याच्या गावात शकुंतलाताई नावाच्या नगरसेविका होत्या. मुलींचं वसतिगृह व्हावं म्हणून त्या वर्षानुवर्षं अर्ज देत होत्या. त्यांची लेक बारावीला तालुक्यात पहिली आली आणि शहरात राहायची सोय नाही म्हणून पुढं शिकली नाही. ताई मला म्हणाल्या होत्या, "म्याडम, तुमच्या नकाशात गाड्या ठेवायला जागा हाय. पोरी ठेवायला न्हाई." ते वाक्य मी डायरीत लिहून ठेवलं होतं.

चाचा निवृत्त झाले. त्यानंतर सगळे जुने नकाशे संगणकावर घ्यायचं काम माझ्याकडे आलं. जुना कागद मशिनीतून गेला की पडद्यावर त्याचे डाग, घड्या, बोटांचे ठसे सगळं येतं. ते पुसून नकाशा स्वच्छ करायचा असतो. मी पुसत पुसत त्या सहा एकरांवर आले. पेन्सिलीची रेघ होती, फिकट, पण होती. नियम असा की पेन्सिलीच्या खुणेला किंमत नाही. मी ती डागांसोबत पुसली. लोक विचारतील, चुकून पुसली का? मीही स्वतःला तेच सांगत होते... खरं असं की माझा हात तिथं थांबला होता. थोडा वेळ थांबला होता, आणि मग त्यानं पुसली. नव्या आराखड्यात त्या स्वच्छ, पांढऱ्या सहा एकरांवर मी मुलींच्या वसतिगृहाचं आरक्षण टाकलं. इतकं सुंदर दिसत होतं ते!

नियमाप्रमाणे आराखडा लोकांसमोर ठेवला आणि हरकती मागवल्या. सुनावणीला माणसं आली ती आपापल्या घरावरून रस्ता जातो म्हणून, प्लॉट कमी होतो म्हणून. शेवटी नाव पुकारलं गेलं, शेख गफूर. मी मान वर केली. चाचा लातूरहून एसटीनं आले होते, हातात साधा अर्ज. मी टेबलाच्या या बाजूला, समितीच्या शेजारी, फाईल घेऊन बसलेली. त्यांनी मला नमस्कार केला, "नमस्कार मॅडम." बेटा म्हणाले नाहीत. त्या सभेत मला बेटा म्हटलं तर माझा मान कमी होईल, हे त्यांना कळत होतं.

समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "तुमची तिथं जमीन आहे?"

"न्हाई."

"घर?"

"न्हाई साहेब. मी तो नकाशा काढला होता. तिथं एक रेघ होती."

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं, "मॅडम, रेघ आहे का?" मी पडद्यावर बघून म्हटलं, "या नकाशात नाही, सर." शब्द न् शब्द खरा होता. चाचांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. हरकत फेटाळली गेली.

बाहेर आले तर ते लिंबाखाली उभे. "चला, चहा घेऊ." बशीत चहा ओतून निवांत फुंकर घालत बसले. मी विचारलं, रागावलात का? म्हणाले, "पोरीला मीच शिकवलं, नकाशा साफ ठेव. तिनं ठेवला." मग बशी खाली ठेवून जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहिते. "मी चुकलो तर लई बरं होईल. वसतिगृह होईल, पोरी शिकतील, पाणी येणार न्हाई. लोक म्हणतील, गफूर म्हातारा बडबड्या होता. चालतंय मला. पण पाणी येईल का न्हाई, हे मला माहीत न्हाई, तुला न्हाई, त्या अध्यक्षालापण न्हाई. माहीत न्हाई, एवढं तरी नकाशात लिहिलेलं असावं. पुढच्या माणसाला वाटू नये, की ह्यांना सगळं कळत होतं." आणि उठता उठता, "वरच्या अंगाला मुरूम हाय बघ. वसतिगृह तिथं बांधता येतंय. खालचं सोडायचं, दर पाच वर्षांनी जाऊन बघायचं. वसतिगृह नको असं मी कधी म्हणलं? अर्ज पुरता वाचलाच न्हाई कुणी."

मीही वाचला नव्हता.

त्यानंतर मी नांदेडला बदलून आले. आराखडा मंजूर झाला, वसतिगृहाच्या पैशाची वाट बघत ती जागा पडून राहिली. चाचांना भेटायला वर्षातून दोनदा तरी जायचे. शेवटचं गेले ते या उन्हाळ्यात. दम लागत होता, पलंगावरच बसून असायचे. पलंग खिडकीशी ओढून घेतला होता. मी मनाशी ठरवून गेले होते, आज सांगायचं. माझा हात थांबला होता, तरी मी पुसली, एवढंच. त्यांनी मला बाबांची तब्येत विचारली, माझ्या पोरीची शाळा विचारली. चाची शिरखुर्मा घेऊन आल्या, म्हणाल्या, "हिला पायजे म्हणून केलाय, ईद न्हाई तरी." मी खाल्ला. मग चाचा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या स्टेडियमच्या तिकडं आता काय हाय?" म्हटलं, सोयाबीनच आहे. ते खूश झाले. "अजून टाइम हाय मग," म्हणाले. ऊन त्यांच्या हातावर पडलं होतं, आणि ते बोटानं चादरीवर काहीतरी काढत होते, पुसत होते, पुन्हा काढत होते... मी निघाले. सांगितलं नाही. दारात आल्यावर परत फिरावंसं वाटलं होतं, पण एसटीची वेळ झाली होती. माणूस स्वतःला कसली कसली कारणं देतो.

त्यांना जाऊन आता दोन महिने होतील. हे वाचणाऱ्यांना वाटत असेल, की मग यंदा ओढा पसरला असेल आणि चाचा खरे ठरले असतील. तसं काही झालेलं नाही. यंदा पाऊस चांगला झाला, ओढा वाहिला, पण आपल्या काठात. त्या सहा एकरांत गुडघाभर गवत आहे आणि म्हशी चरत आहेत. मी जाऊन बघून आले. चाचा बरोबर होते की चूक, मला आजही माहीत नाही. पण आता वसतिगृहाचा पैसा आला होता, पाया खोदायची तारीख ठरत होती. लातूरच्या ऑफिसाला मी कागद पाठवला, की मूळ नकाशात इथं एक रेघ होती, ती मी काढून टाकली, आराखड्यात फेरबदल व्हावा. तिथल्या साहेबांचा फोन आला. चांगले आहेत स्वभावानं. "अहो मॅडम, कुणी विचारलं नाही, पाणी आलं नाही, कशाला स्वतःच्या अंगावर ओढून घेताय? प्रमोशन तोंडावर आहे तुमचं." मी म्हटलं, सर, माझ्या बापाला अक्षर येत नाही, अंगठा उठवतो. पण कुठं उठवला ते कधी नाकारत नाही. साहेबांनी फोनवरच सभेची तारीख दिली. मग म्हणाले, नगरपरिषदेत येऊन तुम्हीच सांगा.

मागच्या आठवड्यात सांगितलं. सभागृहात सगळे सदस्य होते. शकुंतलाताई समोरच, आता केस पांढरे झालेले. मी बोलले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे रेघ तुम्ही पुसली."

"हो ताई. मी पुसली."

"मग पाणी आलं का कधी?"

"नाही आलं."

"येणार हाय?"

"माहीत नाही."

"माहीत न्हाई!" ताई उभ्या राहिल्या. "माहीत न्हाई, तरी आमच्या पोरींच्या जागा कमी करून राहिलात? साठ मागितल्या होत्या. वरच्या तुकड्यावर किती बसतात?"

"चाळीस."

"त्या वीस पोरी कुठं जातील, सांगा की. तुम्ही शिकलात ना? तुम्ही सांगा."

 मावशीचा ओटा डोळ्यांसमोर आला. गावाकडं परत गेलेल्या त्या दोघी आल्या. एवढंच म्हणू शकले, की ताई, त्या वीस मुलींचा दोष मला लागतो, चाचांचं त्या दिवशी ऐकलं असतं तर वरची शेजारची जमीनही तेव्हाच आराखड्यात धरता आली असती. आता तिथं घरं झाली. पण रात्री झोपलेल्या साठ मुलींखाली माहीत नसलेली जमीन मी देणार नाही.

  मग ताई खाली बसल्या आणि वेगळ्याच, व्यवहारी आवाजात म्हणाल्या, "खालचं मोकळं ठेवणार म्हणता. मोकळं राहतंय व्हय आपल्याकडं? तुमचं पाणी यायच्या आधी टपऱ्या येतेत. ते वसतिगृहाचं मैदान करा. कंपाउंड घाला, कुलूप पोरींच्या हातात द्या. पाणी आलं तर येऊ द्या, न्हाई आलं तर पोरी खेळतेत." चाचांनाही हे सुचलं नव्हतं. तीस वर्षं त्यांनी ती जागा राखली, ती नुसत्या पेन्सिलीवर राखली. "आणि ती रेघ कुठून होती ते दाखवा आधी," ताई म्हणाल्या, "उगं तोंडी नको."

मी टेबलावर नकाशा पसरला. किती वर्षांत हातानं रेघ काढली नव्हती. मूळ कागद संगणकावर घेतल्यावर रद्दीत गेला होता, म्हणून ओढ्यापासून सुरुवात केली, हळूहळू वळण घेत, आठवेल तशी. सदस्य खुर्च्या सोडून भोवती गोळा झाले. मागून एक म्हातारे सदस्य वाकून म्हणाले, "न्हाई न्हाई, इथं न्हाई. जरा इकडं घ्या. माझा बाप सांगायचा, वेशीतल्या लिंबाला बैल बांधले तर पाय वले व्हायचे त्यांचे." दुसरे म्हणाले, "लिंब तिकडं कुठं होता? लिंब गिरणीपाशी." "गिरणी नंतर झाली ओ!" "तुम्हाला काय म्हायती, तुम्ही उदगीरहून आलेले." ताई म्हणाल्या, "माझी सासू तर म्हणायची मारुतीच्या पायरीपर्यंत यायचं," आणि त्यांनी स्वतःचं बोट नकाशावर ठेवलं. सगळे एकदम बोलत होते, बोटं एकमेकांवर पडत होती, आणि त्या बोटांखाली न बघितलेलं पाणी इकडून तिकडं सरकत होतं. मला वाटलं, कुणीतरी मागं खिडकीपाशी उभं राहून खुदकन हसतंय...

"थांबा, एकेकानं सांगा," मी म्हटलं, आणि पेन्सिलीला पुन्हा टोक करायला घेतलं.